कोवालचुकांच्या फाटकापर्यंत

आमच्या डोलिना गावात नेटी हुमेनिउकबद्दल कुणालाही विचारा, तो आधी तिच्या बसबद्दल सांगेल. एकतीस वर्षं ती शाळेची चार नंबरची पिवळी बस चालवत होती. उत्तरेच्या टोकाला पेट्रिशिनांचं शेत, तिथून पहिली पोरं उचलायची आणि मग एकेका फाटकावर थांबत शाळेपर्यंत यायचं. एवढ्या वर्षांत तिने पोरांना बोलवायला कधी हॉर्न वाजवला नाही. फाटकावर पोर दिसलं नाही तर ती थांबे. तरी आलं नाही तर खाली उतरून दार ठोठावी आणि बूट न सापडणाऱ्या पोराला बूट शोधून देई. सीटखाली तिने विणलेल्या हातमोज्यांचा खोका असे. माझ्या दोन्ही मुलांनी त्यातले हातमोजे नेले आणि एकाही मुलाने परत केले नाहीत.

मी वॉल्टर प्रोकोपचुक. नेटीच्या शेजारच्या घरात राहतो. गावच्या धान्यकोठारावर चौतीस वर्षं वजनकाट्यावर बसलो आणि एका घमेल्याचीही चूक होऊ दिली नाही. हे मी विचारलेल्यांना सांगत असे आणि न विचारलेल्यांनाही. माझी बायको हयात होती तेव्हा म्हणायची, वॉल्टर, तू मेलास की शवपेटी उचलणाऱ्यांना वजन तूच सांगशील. नाकाने कांदे सोलायची माझी ही खोड पुढे कामाला येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

नेटी छप्पन्न वर्षांची झाली त्या शरद ऋतूत डॉक्टरने तिच्या ड्रायव्हरच्या कागदावर सही करायला खळखळ केली. रक्तदाब चढलेला, वजनही वाढलेलं. नेटी बुटकी आणि रुंद, समोरून पाहा की बाजूने पाहा, सारखीच. डॉक्टर म्हणाला, या वर्षी सही करतो, पुढच्या वर्षी करीनच असं नाही. घरी येऊन तिने नवऱ्याला, ऑरेस्टला, एवढंच सांगितलं की मला हालचाल करायला हवी आणि नोव्हेंबर तोंडावर आलाय.

नोव्हेंबर तोंडावर येणं म्हणजे काय, हे इथे, अमेरिकेच्या सीमेच्या उत्तरेला, राहणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. एकदा रस्त्यावर बर्फ बसला की एप्रिलपर्यंत हलत नाही. उणे तिसात पळणारा माणूस श्वास घेतो तेव्हा छातीत सुया टोचतात, आणि वारा असला तर गालाचं कातडं दहा मिनिटांत पांढरं पडतं. आमच्याकडे हिवाळ्यात बाहेर पळतात ते फक्त ससे, आणि तेही कुणीतरी मागे लागलं तरच.

तेव्हा ऑरेस्ट आणि मी लिलावाला गेलो. तलावाकाठचं एक कुटुंब गाशा गुंडाळून चाललं होतं. त्यांच्या सामानात एक जुनी ट्रेडमिल होती, आणि तिच्यावर दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही. माझ्या ट्रकमधून आम्ही ती आणली आणि तळघराच्या जिन्याचं दार बिजागरीतून काढून ती खाली उतरवली. एका बाजूला बटाट्यांची पेटी, दुसऱ्या बाजूला पेरोग्यांनी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांनी, भरलेला फ्रीझर, आणि समोर बिटाच्या लोणच्याच्या बरण्यांची फळी. मधे ते यंत्र. त्याच्या पाटीवरचे आकडे उमटत होते, पण आकड्यांखालची अक्षरं कुणाच्या तरी बोटांनी झिजून गेली होती. मी पांढऱ्या चिकटपट्टीवर सुबक अक्षरात ‘किलोमीटर’ लिहिलं आणि ती आकड्यांखाली चिकटवली. नेटीने मला कोबीच्या पानात गुंडाळलेला भात-खिमा वाढला आणि मी घरी गेलो.

पहिला महिनाभर ती नुसती चालली. तीनाच्या आकड्यावर चालतानाही तिला धाप लागे. हे तिने स्वतःच चर्चच्या तळघरात सांगितलं. दर गुरुवारी तिथे बायका पेरोग्या वळतात आणि पुरुष कॉफी पीत त्यांना अडथळा करतात. ताशी तीन किलोमीटर म्हणजे स्टेला चोरनीची म्हातारी सासू काठी टेकत दुकानात जाते तो वेग, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. नेटीही हसली. हिवाळा सरता सरता ती पाचावर पळू लागली. तेव्हा मी म्हणालो, “नेटी, पाचाला पळणं म्हणत नाहीत. माझा कुत्रा बुर्सुक तेरा वर्षांचा आहे, एका पायाने लंगडतो, तरी तो तुझ्याहून जोरात जाईल.”

पुन्हा सगळे हसले. मला त्या विनोदाचा इतका अभिमान वाटला की मी तो पुढल्या गुरुवारीही केला.

तरी ती पळत राहिली. पुढच्या शरदात डॉक्टरने कुरकुर न करता सही केली. तिचं काम झालं होतं. ट्रेडमिल तिथेच थांबायची, पण बसमधल्या एका मुलीने घोळ केला. लारिसा पेट्रिशिन, वय वर्षं नऊ, ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसणारी. तिने विचारलं, “मिसेस एच, तुम्ही रोज तळघरात पळता, मग पोचता कुठे?”

नेटी मला म्हणाली की पुढची तीन फाटकं तो प्रश्न तिच्या डोक्यात घोळत होता.

त्या शनिवारी तिने खाटकाकडचा कागद आणून लोणच्याच्या बरण्यांच्या वर भिंतीवर ठोकला आणि त्यावर चार नंबरचा रस्ता काढला. पेट्रिशिनांचं शेत सुरुवातीला, मग गवताळ तळं, पुढे बोइकोंचं फाटक, जुनं स्मशान, सव्वीस किलोमीटरवर कोवालचुकांचं फाटक, आणि शेवटी शाळेच्या अंगणातला झेंड्याचा खांब. बसच्या मीटरवर हा रस्ता बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडा भरतो. एका टाचणीला लाल लोकर बांधून ती टाचणी तिने पेट्रिशिनांच्या फाटकात खोचली. रोज पेट्रिशिनांपासून नव्याने सुरुवात, आणि पळताना यंत्रावर जेवढे किलोमीटर होत तेवढी ती टाचणी पुढे सरके. दुसऱ्या दिवशी बसमध्ये सांगायचं, काल मी बोइकोंच्या फाटकापर्यंत आले. पोरं टाळ्या वाजवत. बोइकोंची पोरं म्हणत, मग आत का नाही आलात, आईने सूप केलं होतं.

बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर म्हणजे अख्खी मॅरेथॉन, हे ऑरेस्टने कुठेतरी वाचलं. मे महिन्यात शहरात मॅरेथॉन असते. नेटीने नाव घातलं आणि बसमधल्या एकोणीस पोरांना सांगून मोकळी झाली. नियमांचा कागद आला तो नंतर. सहा तासांनी रस्ते उघडतात, आणि मागे राहिलेल्यांना गाडी उचलून आणते.

ती गाडी तिच्या डोक्यात बसली. मला म्हणाली, “वॉल्टर, एकतीस वर्षं मी लोकांना गाडीत घालून पोचवते. मला कुणी गाडीत घालून आणलेलं पोरांना दिसता कामा नये.”

हिशेब साधा होता. बेचाळीस किलोमीटर सहा तासांत, म्हणजे ताशी सात. पाचाचे सात करायचे. नेटीने यंत्र सातावर लावून पाहिलं. चार मिनिटांत तिच्या नाकी नऊ आले आणि कठड्याला धरून ती खाली उतरली. आठवडाभर रोज लावलं, आणि रोज चार-पाच मिनिटांत तेच झालं. हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडतो, पोरं घरी पोचवून ती तळघरात उतरे आणि वर येई तेव्हा ऑरेस्ट तिच्या तोंडाकडे न पाहता ताट वाढी. तो मला म्हणाला, हिला थांब म्हणायची माझी छाती नाही, आणि पळ म्हणायचीही नाही.

शनिवार-रविवार घरकामात आणि चर्चमध्ये जात, म्हणून लांब पळायला तिला एकच दिवस मिळे. वाऱ्यासकट थंडी फार उतरली की बसेस बंद राहतात, सकाळी सहाला रेडिओवर रस्त्यांचे नंबर वाचतात. चार नंबर वाचला गेला की पोरं पुन्हा गोधडीत शिरत आणि नेटी तळघरात. आमचा जुन्या पंचांगाप्रमाणे नव्या वर्षाचा सण, मालांका, जानेवारीच्या मध्यात येतो. त्याच्या दुसऱ्याच दिवशी उणे त्रेचाळीस झालं आणि चार नंबर वाचला गेला. आदल्या रात्रीच्या नाचाने गावातल्या प्रत्येकाचे गुडघे दुखत होते. नेटीने ठरवलं, आज कळू दे. पाचाच्या वेगाने जेवढं जाता येईल तेवढं जायचं. पायांनी बेचाळीस केले, तर वेगाचं पुढे बघू.

त्या दिवशीचं मला ऑरेस्टकडून कळलं. तळघराच्या छोट्या खिडकीवर बाहेरून बर्फ चढला होता, त्यामुळे दिवस वर आला तरी खाली दिवाच. ऑरेस्ट दर तासाला मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि रासबेरीचा मुरंबा घातलेला चहा घेऊन उतरे. ती पळता पळताच घेई. तीन तासांनंतर तिने बोलणं थांबवलं. चार तासांनंतर तिच्या बुटाच्या टाचेला रक्त दिसलं, ते त्याने तिला सांगितलं नाही. पाच तास बारा मिनिटं झाली तेव्हा तिचे पायच उठेनात. तिने यंत्र बंद केलं, भिंतीला हात लावून उभी राहिली आणि टाचणी कोवालचुकांच्या फाटकात खोचली. सव्वीस. शाळा अजून सोळा किलोमीटर लांब होती.

ती रडली नाही. बटाट्यांच्या पेटीवर बसली आणि म्हणाली की ऑरेस्ट, तो कागद काढ भिंतीवरून. ऑरेस्टने कागद काढला नाही, फक्त दिवा मालवला.

सोमवारी तिने बसमध्ये सांगितलं. दुपारी परतताना, एकोणीसही पोरं बसमध्ये असताना, पहिल्याच फाटकावर बस उभी करून, मागे वळून, सरळ सांगितलं की मी मॅरेथॉन पळणार नाही, माझ्याच्याने होत नाही. लारिसाने विचारलं, “म्हणजे कोवालचुकांपर्यंतच?” नेटी म्हणाली, हो, तिथपर्यंतच. मग तिने दार ओढून घेतलं आणि बस निघाली. कोवालचुकांच्या फाटकावरून जाताना पोरं खिडकीबाहेर बघत होती, असं ती म्हणाली.

मलाही बरं वाटलं नाही. गुरुवारी मी बुर्सुकचा विनोद केला नाही. तसा एरवीही कुणी मागितला नसता.

दोन आठवड्यांनी ऑरेस्ट माझ्याकडे आला. त्या लांबच्या पळण्यानंतर ट्रेडमिलचा पट्टा घसरत होता. वसंतातल्या लिलावात विकायची तर पट्टा ताणून दे, म्हणाला. नेटी दुपारी घरीच असे, शाळा सुटायच्या वेळी ती शाळेच्या अंगणात उभ्या असलेल्या बसकडे चालत जाई. मी हत्यारांची पेटी घेऊन खाली उतरलो. पट्टा सैल झाला होता खरा. मी मोजणारा माणूस. समोर काही दिसलं की ते किती आहे हे कळल्याखेरीज मला चैन पडत नाही. दोरीने पट्टा मोजला, बरोबर तीन मीटर. ताणून झाल्यावर त्याच्यावर खडूची रेघ मारली आणि यंत्र पाचावर लावलं, सारखा फिरतो की नाही पाहायला. हातात घड्याळ होतंच. एका मिनिटात रेघ किती वेळा समोरून जाते ते मोजलं.

पंचेचाळीस.

तीन मीटरचा पट्टा, पंचेचाळीस फेरे, म्हणजे मिनिटाला एकशे पस्तीस मीटर. तासाला आठ किलोमीटर. पाटीवर पाच.

मी पुन्हा मोजलं, पुन्हा पंचेचाळीस. घड्याळ बंद पडलंय की काय म्हणून कानाला लावून पाहिलं. मग मी त्या बटाट्यांच्या पेटीवर बसलो. ते लिलाववालं कुटुंब सीमेपलीकडून आलेलं अमेरिकन होतं. त्यांच्याकडे सगळं मैलांत. यंत्र मैल मोजत होतं. आमचं त्रांगडं तर असं विचित्र की शेतांचे रस्ते मैलांत आखलेले, गाडीचा काटा किलोमीटरचा, भट्टीची उष्णता एका मापात आणि बाहेरची थंडी दुसऱ्या मापात. इथला माणूस दिवसभर मनातल्या मनात मापं बदलत असतो आणि एखाद्या ठिकाणी हमखास फसतो. मी मात्र फसणारा नव्हतो ना! चौतीस वर्षं न चुकलेला माणूस. ती चिकटपट्टी माझ्या सुबक अक्षरात तिथेच होती.

मी नेटीला खाली बोलावलं. कसं सांगावं ते कळेना म्हणून खडूने जिन्याच्या पायरीवर आकडे मांडले. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. सहा तासांत शर्यत संपवायला सात लागतात, आणि तू वर्षभर आठाने पळते आहेस. तू सातावर लावून चार मिनिटांत उतरायचीस ना, ते अकराच्या वर होतं, तेवढं पळणारं डोलिनात कुणी जन्मलेलं नाही.

नेटीने पायरीवरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग तिने विचारलं, “आणि सव्वीस?”

मी तो गुणाकार आधीच केला होता. “एक्केचाळीस किलोमीटर आठशे चाळीस मीटर.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. माझ्या एका पट्टीपायी या बाईने उणे त्रेचाळीसात, बंद खिडकीच्या तळघरात, रक्ताळलेल्या टाचेने मॅरेथॉन पळून काढली होती, आणि नंतर एकोणीस पोरांसमोर उभं राहून आपल्याच्याने होत नाही असं सांगितलं होतं. मी माफी मागितली. मला ती कधी नीट मागता आलेली नाही, तेव्हाही नाही आली. नेटी म्हणाली, “वॉल्टर, उद्या तुझ्या बुर्सुकला घेऊन ये. त्याला पाचावर पळवू.” हसली नाही, पण रागावलेलीही नव्हती. तिचं लक्ष भिंतीवरच्या कागदावर होतं. टाचणी अजून कोवालचुकांच्या फाटकात होती. तिने ती उपटली आणि बोटात धरली, आणि कुठे खोचावी हे जणू तिला कळेना.

“म्हणजे अजून झालीच नाही,” ती म्हणाली. “साडेतीनशे मीटर राहिलेत.”

मी म्हणालो, बाई, साडेतीनशे मीटरचं काय घेऊन बसलीस, ती झाली म्हणून समज. ती म्हणाली, “काट्यावर तू कुणाला असं म्हणालास का कधी?”

ती वर गेली. जाड कोट चढवला, कान झाकणारी टोपी घातली, गळपट्टा नाकापर्यंत ओढला आणि हातमोजे चढवले. पायात तेच रक्ताचा डाग पडलेले बूट. तिच्या फाटकापासून शाळेतला झेंड्याचा खांब साडेतीनशे मीटरवर आहे, जरा जास्तच. हे मी एकदा पावलांनी मोजलं होतं, उगाच. बाहेर उणे एकतीस होतं, वारा नव्हता, सूर्य पांढरा पडला होता. अख्ख्या आयुष्यात नेटी बाहेर कधी पळली नव्हती. फाटकात ती क्षणभर थांबली आणि निघाली.

मी मागोमाग निघालो, निदान घड्याळ तरी लावावं म्हणून. बर्फ पायाखाली करकरत होता. पहिल्या कोपऱ्यापर्यंत मी तिच्या बरोबर होतो. पोस्टापाशी दहा पावलं मागे पडलो. त्यापुढे छाती धरून उभा राहिलो आणि ती बुटकी, रुंद, कोटात गुंडाळलेली बाई माझ्यापासून लांब लांब जाताना पाहत राहिलो. तिला पळताना मी तोवर पाहिलंच नव्हतं. दोन हिवाळे विनोद केले आणि एकदाही जिना उतरून पाहायला गेलो नव्हतो. त्या वेळी मला जेवढी लाज वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती, आणि त्याच वेळी इतकं भरून आलं की पापण्यांवर आलेलं पाणी तिथेच गोठलं.

मी धापा टाकत अंगणात पोचलो तेव्हा शाळा नुकतीच सुटली होती. नेटी खांबाला पाठ टेकून उभी होती, भुवया बर्फाने पांढऱ्या. पोरं बसकडे जाता जाता थबकली होती. मिसेस एच रोज बसच्या पायरीवर उभ्या असत, आज इथे का, हे त्यांना कळेना. लारिसा पुढे आली आणि तिने विचारलं, काय झालं.

नेटीने गळपट्टा तोंडावरून खाली ओढला. दोनदा श्वास घेतला.

“पोचले,” ती म्हणाली. “दोन आठवड्यांपूर्वी निघाले होते.”

मग तिने हातमोज्यातून लाल लोकरीची टाचणी काढली, लारिसाच्या टोपीला लावली, आणि सगळ्यांना बसमध्ये चढायला सांगितलं. चार नंबर त्या दिवशी सहा मिनिटं उशिरा सुटली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.